मिश्रीसारखं लावलेलं मलम

तोंडात लावायच्या मलमाने चेहरा गोल होतो, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं होतं का?

आम्हाला नव्हतं. सुरतेत लिंबायतला एका ओट्यावर आम्ही पाच बायका साड्यांना खडे चिकटवतो. हात कामात, तोंड मोकळं. किस्से साड्यांपेक्षा लवकर साठतात. पण आमच्यातल्या शोभाताईंचे किस्से सांगताना हल्ली जीव थाऱ्यावर राहत नाही.

*

मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आम्ही पाचही जणी दातांना लावायचो. शोभाताईंच्या गालांना आतून पांढरे चट्टे आले. तिखटाचा घास गेला की डोळ्यांत पाणी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मिश्री बंद करायला सांगितली आणि चट्ट्यांवर पातळसं लावायला मलम दिलं.

ताईंनी मिश्रीची डबी फेकली खरी, पण हाताची सवय कुठे जाते? बोटावर मलम घ्यायचं, सगळ्या हिरड्यांवरून फिरवायचं आणि अर्धा तास गप्प बसायचं. दिवसातून पाच वेळा! वर ते गिळायचं.

"मिश्री थुंकायची," त्या म्हणायच्या, "औषध कोण थुंकतं बाई?"

*

दोन-तीन महिन्यांत गाल भरले. धुळ्याहून नणंद आली ती बघतच राहिली. "वहिनी, सुरतचं पाणी मानवलं गं तुला!"

आम्हीही हसलो. ब्लाउज मात्र पाठीवर बसेना, आणि बाह्या सैल. शिंप्याला बोलणी बसली.

*

मग शुगर निघाली. ताईंच्या मिस्टरांनी घरात साखर आणणंच बंद केलं. मलम तेवढं न चुकता आणायचे.

*

पुढे सुनेने मोबाइलवर वाचलं की या मलमात स्टेरॉइड असतं. ताईंनी त्याच दुपारी ट्यूब गटारात टाकली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, ओट्याची पायरी चढवेना. आमच्यातली मंगल म्हणाली, मिश्रीची तलफ असेल. मीही मान डोलावली. थोड्या वेळाने ताई साडीवरच कोसळल्या.

रिक्षात घालून त्यांना आम्ही डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "बेन, एक ट्यूब किती दिवस जायची?"

ताईंनी तीन बोटं वर केली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एवढं औषध रक्तात गेलं, त्यानेच चेहरा गोल झाला, शुगर वाढली आणि शरीराने स्वतःचं हार्मोन बनवणं सोडून दिलं. आता बाहेरचंही तोडलंत. असलं औषध एकदम सोडायचं नसतं, आमच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचं. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, जीवावरचं आहे.

तिथे इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. संध्याकाळी ताईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

मोठ्या दवाखान्याकडे निघायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी आम्हा चौघींनाही विचारलं होतं, हे मलम आणखी कुणी लावतं का? आम्ही चौघींनी नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एकमेकींना न सांगता घरून निघालेल्या आम्ही चौघी डॉक्टरीणबाईंच्या बाकावर भेटलो, आणि प्रत्येकीच्या पिशवीत त्याच मलमाची एक ट्यूब होती.