सैल कड्यांची तक्रार

अमेरिकेतल्या एका संग्रहालयात काचेखालचं जुनं पत्र सूनबाई मला मराठीत सांगत होती. विलायतेतल्या व्यापाऱ्यानं तंबाखूच्या मळेवाल्याला लिहिलेलं. तंबाखू मिळाला, आभारी आहे. बाईसाहेबांचं रेशीम धाडलं आहे. मागच्या खेपेतली गळ्यात घालायची लोखंडी कडी सैल निघाली, क्षमस्व, या वेळी घट्ट आणि आतून काटे असलेली पाठवतो.

मी जन्मभर लोखंडी सामान विकलेलं. मोठ्यांदा म्हणालो, "वा! गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं तर असं! पण कुत्री भलतीच द्वाड असणार गं त्याची."

"कुत्री नाहीत, बाबा. गुलामांच्या गळ्यातली कडी आहेत ती."

कौतुकानं टाळी वाजवली होती मी. ते हात आता कुठे ठेवावेत कळेना.

शेजारीच तसलं एक कडं मांडलेलं होतं. म्हणजे सैल कड्यातून कुणीतरी कान फाटेस्तोवर डोकं ओढून काढलं असणार, आणि रक्तबंबाळ होऊन पळालं असणार. त्याची तक्रार किती सभ्यपणे समुद्रापार गेली! उत्तरही तितकंच अदबीनं आलं.

चोख मालाचा मला फार तोरा. पण त्या काचेपुढे आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून पुटपुटलो, "देवा, याची ही खेपही खराब निघू दे."