नुसरतच्या रायफलीची गळती

चहा येईस्तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. तुम्ही खुशाल हसा. मला अजून जमलेलं नाही.

भातकुलीत माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. नुसत्या आवाजावरून वायसर गेला की नळी गेली, हे मी सांगायचो. पण लागोपाठ दोन वर्षं कपाशी हातची गेली. फवारायला शेतात काही उरलंच नाही, तर पंप कोण आणणार? रिकामा बसून माझे हात नुसते शिवशिवत होते. एवढं ध्यानात ठेवा.

अशात शेजारच्या रशीदभाई फळवाल्यांची नुसरत दुकानात आली. पोरगी अमरावतीच्या क्लबात नेमबाजी शिकायची. दुसऱ्या दिवशी अकोल्याला तिची निवड चाचणी होती. निवड झाली असती तर पुढे खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरीची आशा होती, आणि त्या घरात तेवढी एकच आशा होती.

तिच्याजवळ क्लबची हवेवर चालणारी रायफल आणि ती भरायचा हातपंप होता. तिच्या नळीखाली हवेचं नळकांडं असतं. ते काढून हातपंपाच्या पितळी जोडावर बसवायचं, हवा भरायची, परत रायफलीला लावायचं. त्या जोडातली रबरी रिंग चिरली होती.

"काका, एवढी रिंग बदलून हवा भरून द्या. भरून झाली का आदी पंपावरचा हा बारका स्क्रू ढिला करा, मंग नळकांडं काढा."

"पोरी, तू मले हवा शिकवून रायली का?"

ती बिचारी रायफल अन् पंप ठेवून गेली.

रिंग पाच मिनिटांत बदलली. घाम निघेपर्यंत पंप मारला, नळकांड्यावरचा काटा हिरव्यात आणला. स्क्रूकडे कोण बघतो? नळकांडं हातानं फिरेना, म्हणून पाना लावला. तर असा फुस्स आवाज झाला की फळीवरचं मांजर उडी मारून पळालं.

आता तुम्हीच सांगा, वीस वर्षं पंप दुरुस्त करणारा माणूस फुस्स ऐकून काय म्हणेल? गळतंय. आणि भरलेला पंप उघडायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून मी नळकांड्यातली हवा सगळी सोडून दिली. रिंग काढून परत बसवली, परत भरली, परत फुस्स. मग आट्यांवर टेप गुंडाळली. फुस्स. टेपवर दोरा गुंडाळला. तरी फुस्स.

बायको दारात आली. "अजी, सकाळपासून भरता अन् सोडून देता. काय करून रायले?"

"गळती काढून रायलो."

"मले तर तुमीच सोडताना दिसले."

बायकांना धंद्यातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. सहाव्या वेळी जोड पान्यानं असा आवळला की अर्धी हवा भरायच्या आधीच कर्र झालं आणि पितळेचे आटे गेले.

संध्याकाळी नुसरत आली. जोड पाहिला, मग मला पाहिलं.

"काका, पयल्या बारीले काटा उतरला होता का?"

"काटा काहून पाहू? मी आवाज ऐकला."

"तो आवाज पंपाच्या नळीत उरलेल्या हवेचा, काका. म्हणून तर स्क्रू आदी ढिला करा म्हटलं होतं."

म्हणजे पहिल्याच वेळी काम फत्ते झालं होतं. पुढे पाच वेळा मी चांगल्या भरलेल्या नळकांड्याचा जीव घेतला होता. आता काटा तांबड्याच्या जरासा वर, आणि तसला दुसरा जोड ना अमरावतीत मिळाला ना अकोल्यात.

मी तोंड लपवून घरी बसायला हवं होतं. पण जीव राहिना, गेलो तिच्यासोबत. चाळीस गोळ्या मारायच्या होत्या. बत्तिसापर्यंत पोरगी अशी खेळली की परीक्षक दोनदा मान वळवून बघून गेले. तेहतिसावी गोळी निशाणाच्या खाली लागली. चौतिसावी निशाणापर्यंत पोचलीच नाही; नळकांड्यातली हवा संपली होती.

मी मागं कान लावून बसलो होतो. कुठं बारीकसाही आवाज नव्हता.

नुसरतनं रायफल खाली ठेवली. डोळे भरले होते, तरी मोठ्या माणसाचा मान राखून बोलली, "काका, काम पक्कं केलं तुमी. आता बिलकूल गळत नाई."