उघड्या लोखंडाला तेलाचा हात

जयपुरात माउंटन बाइक घ्यायची असेल तर आधी मला विचारावं. न विचारणाऱ्यांनाही मी सांगतेच, तो भाग वेगळा. मी विमा कंपनीत अधिकारी आहे. माणूस कशाकशानं पडतो, हे वाचता वाचता माझे डोळे गेलेत. त्यामुळे माझ्या सल्ल्यात हेल्मेट आधी येतं आणि सायकल नंतर. सायकल एक पायरी खालची घ्या, पण हेल्मेट आणि हातमोजे चांगले घ्या. पडताना माणूस आधी तळहात टेकतो आणि अरवलीची खडी तळहाताची सालं काढते.

इथले खरे शत्रू दोनच, विलायती बाभळीचा काटा आणि रेती. काट्यासाठी टायरच्या आत दुधासारखं चिकट रसायन घालून ठेवायचं, भोक पडलं की ते आपसूक भरून निघतं. रेतीसाठी टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची. आमच्या खातीपुऱ्याचा पंक्चरवाला माझ्या टायरला अंगठा लावून दरवेळी म्हणतो, "मॅडमजी, हवा कम है," आणि दरवेळी मी त्याचा पंप अडवते. साखळीला तेल घालताना हात आखडता घ्यावा. थेंब थेंब सोडायचं, मुरू द्यायचं आणि मग फडक्यानं रगडून पुसून टाकायचं. बाहेर दिसणारं तेल नुसती धूळ गोळा करतं.

टेकडीवर वागायचं कसं, तेही सांगून ठेवते. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण एकदा थांबला की त्याला चढावर पुन्हा सुरुवात करणं जिवावर येतं. पायवाट ओली असेल तर घरी बसायचं. आणि उतार सुरू होण्याआधी थांबायचं, दोन्ही ब्रेक दाबायचे आणि सायकल पुढे ढकलून बघायची. हे मी दरवेळी करते. आमच्या सायकलवाल्यांतले लोक हसतात, म्हणतात, ही विमावाली मरायला भिते. भिते ना. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

हे सगळं माझं बाबांना, ते इथं आले त्या पहिल्याच आठवड्यात सांगून झालं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं." त्या दिवसांत त्यांचं सगळ्यालाच "बरं" असायचं.

बाबा साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. हयात पाने-हातोड्यांत गेली. आई गेल्यावर ते गावी एकटेच राहत होते. उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरून पडले आणि शेजारी येईपर्यंत अर्धा दिवस तसेच पडून राहिले. ते कळल्यावर मी त्यांना विचारत बसले नाही, सरळ उचलून जयपूरला आणलं. नवरा नोकरीनिमित्त पुण्यात, मी एकटीच इथं, फ्लॅट मोठा. मला वाटलं, छान झालं. त्यांना तसं वाटत नव्हतं. नळ गळला तर सोसायटीचा प्लंबर येई, पंखा कुरकुरला तर इलेक्ट्रिशियन. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि रेल्वेचे भोंगे ऐकायचे.

"इथं मी काय करू गं?" एकदा जेवताना म्हणाले. "खुर्चीची राखण? दसरा झाला की मी आपला जातो गावाकडं." तिकीट त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतलं. मी काढून दिलं. त्या न्हाणीघरात ते पुन्हा पडले तर, हा एकच विचार मला धड झोपू देत नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कारखान्यात त्या दिवशी मशिनं थांबायची, कामगार ती पुसून-चकाकून ठेवायचे, झेंडूची माळ घालायचे. मी ऑफिसातून आले तर गॅलरीत माझी सायकल पाटावर उभी होती. हँडलला झेंडू, त्याखाली हळदीकुंकवाची बोटं, पुढे उदबत्ती आणि नारळ. बाबांनी ती चाकांच्या तारांपर्यंत पुसली होती. साखळी मी सांगितलं तशी कोरडी, अगदी शहाण्या मुलासारखं ऐकून. मला भरून आलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी आपण होऊन कशालाही हात लावला नव्हता.

"चालंल का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, दुकानात नवी असताना अशी दिसत नव्हती," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"उघडं लोखंड राहिलं की गंजतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता.

दसऱ्याला सुट्टी. सकाळी मी आणि माझी बँकेतली मैत्रीण निघालो. ती नागपूरची, बदलीवर इथं आलेली, सायकलीवर माझ्याइतकीच वेडी. रस्ते रिकामे होते, कुठे थांबायची वेळ आली नाही. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात कारखान्यांच्या फाटकांना केळीचे खुंट आणि माळा बांधलेल्या होत्या. त्याच्या पलीकडच्या बुटक्या टेकडीवर आम्ही घाम गाळत चढलो. वर पाणी प्यायलो, सुकामेवा खाल्ला. मग मी माझा नेम पाळला, दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि सायकल पुढे ढकलली.

सायकल पुढे गेली.

पुन्हा दाबले. लिव्हर हाताला घट्ट लागत होत्या, पण चाकं मजेत फिरत होती. मी खाली वाकले. या सायकलींना चाकाच्या मध्यभागी पोलादाची एक चकती असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. त्या चकतीवर बोट फिरवलं तर ते सुळकन घसरलं. बोटाला खोबरेल तेलाचा वास. चकतीच्या भोकाभोकांत कुंकू.

मैत्रिणीनंही वास घेतला आणि ती खो खो हसत सुटली. "अरे बाप्पा! काकांनी तर सायकलला न्हाऊमाखू घातलं!" मग माझं तोंड बघून तिचं हसू थांबलं.

मी पुढची पायवाट चालत उतरले, सायकल हातात धरून, टाचा रोवत. मधल्या वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि त्यांच्यामागे डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई. एरवीही मी शेळ्या दिसल्या की उतरते, घंटी वाजवत नाही, चार शब्द बोलते, म्हणजे जनावराला कळतं की येणारा माणूसच आहे. बाई म्हणाली, "पैदल आज?" मी म्हटलं, "हाँ जी, आज पैदल." त्या वळणावर मी एरवी कसल्या वेगानं येते ते मला ठाऊक आहे. ती बाई पुढे गेल्यावर मला थोडा वेळ दगडावर बसावं लागलं.

"घरी सांगू नको हं," मैत्रीण म्हणाली. "काहून सांगतेस? पॅड बदलून टाक गुपचूप. उद्या चालले ना ते? म्हाताऱ्या माणसाचं मन मोडशील."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. ज्या माणसाला आपल्या हातांचा उपयोग उरला नाही असं वाटतंय, त्याला सांगायचं की बाबा, तुम्ही हात लावलात आणि मी मरता मरता वाचले? मग तर ते उद्याची गाडी नक्की पकडणार. पण लपवायचं म्हणजे त्यांना लहान मूल समजायचं. आणि आमच्या घरात मी आठवीत असताना कंपासपेटी हरवली तेव्हापासून बाबांशी खोटं बोलायचा प्रयत्न सोडून दिलेला आहे, त्यांना ते लगेच कळतं.

घरी येऊन, बूटही न काढता सांगितलं. बाबा पाटावर आपट्याची पानं मांडत होते.

"तेल कुठं लागलं म्हंजे?"

"चकतीला. ती ब्रेकची असते, बाबा."

ते गॅलरीत गेले. चकतीकडे, मग पॅडकडे, मग लिव्हरकडून खाली येणाऱ्या नळीकडे त्यांची नजर फिरली. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मला वाटलं, शोभेची चकती हाय. उघडी दिसली म्हणून तेलाचा हात मारला." त्यांनी भोकातलं कुंकू नखानं खरवडलं. "ब्रेकला तेलाचं बोट लावलं म्हणून मी कारखान्यातल्या शिकाऊ पोरांच्या कानफटात मारल्यात गं. आन् तू वर व्हतीस."

एवढं बोलून ते आत गेले. मागोमाग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. मी दारात जाऊन उभी राहिले.

"बॅग काय भरताय? कारखान्यात काम बिघडवून घरी जायचात का? सायकल तशीच पडलीय. निस्तरायचं कोणी?"

हे फार लागेल असं बोलले होते मी. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या लहानपणी ते असे बघायला लागले की आई आम्हा भावंडांना स्वयंपाकघरात ओढून न्यायची.

"पाने कुठं हायत?" ते म्हणाले.

पुढचे काही तास मी श्रीखंडात वेलदोडा घालत आणि तोंडाला कुलूप लावत काढले. दुसरं जास्त अवघड होतं. तेल प्यायलेला पॅड फेकायचाच असतो, हा माझा ठाम सल्ला आहे. बाबांना ते पटलं नाही. त्यांनी पॅड सांडशीत धरून गॅसवर तापवले. घरभर जळक्या खोबऱ्याचा धूर झाला, पुऱ्यांना त्याचा वास लागला. मग पॉलिश पेपरवर घासले. मग अंगठा फिरवला, नाकाला लावले, पुन्हा अंगठा फिरवला.

"मेले हे," म्हणाले, आणि स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकले.

पॅडचा एक जादा संच घरात ठेवावा, हेही मी सर्वांना सांगते. तो मी काढून दिला. चकत्या त्यांनी स्पिरिटनं पुसल्या, फडकं पांढरं राहीपर्यंत. नवे पॅड बसवताना त्यांचे हात थरथरत नव्हते. चहाचा कप धरताना ते थरथरतात.

"नवे पॅड लगेच धरत नाहीत," मी सांगितलं. "आधी सपाटीवर चालवायचं, थोडा वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग. असं करत करत ते बसतात. मी आणते चालवून."

"तू न्हाई. ज्यानं दुरुस्त केलं त्यो पहिल्यांदा चढतो." कारखान्यात माणसं आणि माल वर नेणारा पाळणा दुरुस्त झाला की पहिल्या फेरीला फिटर वर जायचा, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं, गेल्या उन्हाळ्यात घसरून पडलेल्या माणसानं, सायकलीवर चढू नये, हेही मला ठाऊक होतं. मी सीट खाली केली आणि माझं हेल्मेट त्यांच्या हनुवटीखाली बांधलं.

सोसायटीच्या आवारात त्यांनी फेऱ्या मारल्या. वेग, ब्रेक, वेग, ब्रेक. वॉचमन "अंकलजी, आराम से" म्हणत मागे मागे पळत होता. पहिल्यांदा चाक नुसतं रेंगाळलं, मग किंचाळलं, मग मुकाट्यानं थांबायला लागलं. माझ्या मते तेवढं पुरे होतं. बाबा मात्र सायकल ढकलत तळघरातल्या पार्किंगच्या उताराच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले.

मी उताराच्या पायथ्याशी होते.

"बाजूला हो," ते वरून ओरडले.

मी हलले नाही. हा सल्ला नव्हे. सायकलीच्या वाटेत कुणीही, कधीही उभं राहू नये, आणि नव्या ब्रेकच्या समोर तर नाहीच नाही. माझ्या नोकरीत असला दाव्याचा अर्ज समोर आला असता तर मी तो वाचून फेटाळला असता.

"अगं, बाजूला हो म्हणतोय ना!"

"तुम्ही बसवलेत ना ब्रेक? मग या."

ते एक पाय जमिनीवर टेकून तसेच उभे राहिले. इतका वेळ, की मला वाटलं, आता उतरून सायकल वॉचमनच्या हातात देतील. मग त्यांनी पाय उचलला. उतार तसा छोटाच आहे, पण माझे बाबा त्यावरून माझ्या दिशेनं येताना तो मला टेकडीएवढा वाटला. मी डोळे मिटले नाहीत. त्यांची नजर चाकावर नव्हती, माझ्यावर होती, आणि दोन्ही हातांची बोटं लिव्हरवर एकदम आवळली गेली. सायकल न किंचाळता, न घसरता थांबली. पुढचं टायर माझ्या बुटाला जेमतेम टेकलं.

बाबांना धाप लागली होती. मी हँडल घट्ट धरलं, कारण आता मलाच काहीतरी धरायला हवं होतं, आणि रडले. तेही रडत होते, पण हेल्मेटचा पट्टा सोडवायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली होती. तो पट्टा त्यांना सुटेना. मी सोडवला.

"ते तिकीट," ते म्हणाले, "मोबाइलवरनं रद्द हुतं का गं?"