शॉकअप नरम करायला किती वेळ लागतो

मंडळी, आज सकाळी ब्रह्मपुरीच्या गॅरेजात माझी जुनी मोटरसायकल खोलली. ऐंशीच्या दशकात भामरागडच्या जंगलात मलेरियाच्या फवारणीसाठी मी हीच गाडी दामटायचो.

मागचे शॉकअप पाहून मिस्त्री म्हणाला, "काका, इतके कडक काऊन ठेवले? कंबर तुटून जाईल ना!"

तेव्हा फवारणीच्या पावडरच्या दोन पोत्यांसाठी कडक केले होते. त्याच दिवशी एका गावात पहिलटकरीण अडली. पावसात जीप येणं शक्य नव्हतं. मी पोती उतरवली, तिला लुगड्यानं पाठीशी बांधलं. आता शॉकअप नरम करायला पाहिजे, हे मले कळत होतं. पण तिचा नवरा रडत होता. म्हटलं, वेळ कशाला घालवू?

पोत्यांचं वजन उतरलेली गाडी दगडादगडावर आपटत होती. "हळू घ्या ना जी भाऊ," ती म्हणत राहिली. नाल्याच्या अलीकडे तिचा आवाज बंद झाला.

दवाखान्यात तिला तपासून डॉक्टर म्हणाले, "जीव गेलाय. आणायलाच उशीर झाला. तुमची चूक नाही."

त्यानंतर मी शॉकअप कडक-नरम करायच्या रिंगला हात लावला नाही. आज मिस्त्रीनं ती फिरवली, तेव्हा घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुमच्यात कोणी डॉक्टर असेल तर खरं सांगा. धीर देऊ नका.