शांतवन गिलेस्पीचं दोन टोकांचं माप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शांतवन गिलेस्पीनं केलेला पॅटर्न हातात आला की मी तो तपासत नसे. बाकीच्यांचे तपासायचो. मी मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा बांधणारा. तो पॅटर्नमेकर. तो सागवानात जो आकार काढायचा तोच मी वाळूत उमटवायचो आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचो. लाकडातली चूक लोखंडात कायमची होते. त्यामुळे पॅटर्नवाला संशयी असावाच लागतो. शांतवन गरजेपेक्षा जास्त होता.

त्याची एक रीत होती. कुठलंही माप तो दोनदा घ्यायचा, पण एकाच टोकाकडून नाही. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही जुळली तरच पेन्सिलीची रेघ. मालक डोक्यावर येऊन उभा राहिला तरी हात घाई करत नसे. शांतवन नारळ घेताना दोन्ही कानांशी हलवून बघतो, असं आम्ही म्हणायचो. ते खरंही होतं.

आडनावामुळं त्याला कारखान्यात साहेब म्हणत. कुणी ‘गिलास पी’ म्हणत. त्यानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, म्हणून तर जास्तच. ते तो हसण्यावारी न्यायचा. पण त्याचे डोळे घारे होते. एकदा भट्टीजवळ एकानं विचारलं, “तुझ्या आजीच्या आईला सायबानं ठेवलीती काय रं?” शांतवननं हातातला रंधा पुसला, पेटीत ठेवला आणि चालता झाला. तो आठवडा तो कामावर आला नाही. घारे डोळे काही साहेबांची मिरास नव्हेत. आमच्या बावडा गावातच किती दाखवू. पण आडनाव आणि डोळे एका माणसात आले की लोकांना पुरतं.

ही आजी म्हणजे बयाबाई. मिशनच्या अनाथगृहात वाढली. लग्न झालं, पण मूल पाळण्यात असतानाच नवरा तापाच्या साथीत गेला. ती परत मिशनमध्ये आली आणि तिथल्या स्वयंपाकघरात राबली. शाळेत त्या मुलाच्या, म्हणजे शांतवनच्या वडलांच्या, नावापुढं तिचंच गिलेस्पी आडनाव लागलं. तेच पुढं शांतवनपर्यंत आलं. आडनाव कुठलं असं विचारलं की बयाबाई एकच शब्द बोलायची, “मिळालं.” कुणाकडून, ते कधी बोलली नाही.

तिच्या कबरीवर पाटी नव्हती. चुना दिलेला उंचवटा आणि लाकडी क्रूस. लाकूड कुजलं की शांतवन नवा क्रूस करायचा. मी एकदा विचारलं, लोखंडी पाटी का ओतून घेत नाहीस. तो म्हणाला, “आडनाव लिवलं तर लोक वाचून हसणार. न्हाय लिवलं तर नातू आजीला लाजला असं हुणार. काय लिवू, सांग.” पुन्हा मी तो विषय काढला नाही.

शांतवन १९९८ ला निवृत्त झाला, मी पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या थंडीत शांतवनच्या घरी स्कॉटलंडची एक बाई आली. नाव जीन गिलेस्पी. वयानं आमच्याएवढीच, निवृत्त शिक्षिका. आपल्या घराण्याची माणसं शोधत फिरत होती. कोल्हापूरच्या टेलिफोनच्या पुस्तकात गिलेस्पी हे आडनाव तिला एकाच घरी सापडलं. शांतवनची मुलगी मोना शाळेत इंग्रजी शिकवायची, तीच दुभाषी झाली.

गल्लीनं दुसऱ्या दिवशीच निकाल दिला की बाईचा मिशनच्या जागेवर डोळा आहे. मलाही तेच वाटलं. मी शांतवनला बजावलं, कशावर सही करू नकोस. तो म्हणाला, पेन घरातून काढूनच ठेवलंय. बाईलाही आमचा भरवसा नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं मोनाला विचारलं, तू परदेशात नोकरी शोधतेस का. मोनानं स्वतःवरचा तो प्रश्न बापाला मराठीत सांगितला तेव्हा तिचे कान तांबडे झाले होते.

मी गेलो तेव्हा जीनबाईनं कॉटवर एक लांब कागद पसरला होता. त्यावर तिच्या घराण्याचा वृक्ष. एका फांदीवर बोट ठेवून ती सांगत होती. जॉन गिलेस्पी, तिच्या पणजोबांचा भाऊ. मिरज-कोल्हापूर रेल्वे झाली तेव्हा इंजिनिअर म्हणून आला, नंतर काही वर्षं इथंच राहिला, १८९७ ला परत जाताना बोटीवर वारला. लग्न केल्याची नोंद नाही. त्याच्या नावाखाली जागा कोरी होती. बाई शांतवनच्या डोळ्यांकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. बयाबाई जॉनची मुलगी असेल तर ती जागा भरेल, असं तिचं म्हणणं.

शांतवननं कप खाली ठेवला. मोनाला म्हणाला, “आईच्या जागी काय लिवणार, इचार तिला.”

मोनानं विचारलं. बाई म्हणाली, नाव अज्ञात.

“आणि लग्नाच्या जागी?”

बाई म्हणाली, नोंद नाही असं लिहावं लागेल.

“म्हंजे माझ्या आजीच्या आईला ठेवलेली म्हणून छापणार. सांग तिला.”

मोनानं ते सांगितलं नाही. पण बाईला कळायचं ते कळलं असावं. तिनं कागद गुंडाळला. मग हळू बोलली आणि मोनानं शब्दन् शब्द सांगितला. आडनाव आणि डोळे एवढ्यावर मी कुणाला माझ्या घराण्यात लिहीत नाही, कुणाच्या घराण्यातून काढतही नाही. आमच्याकडं आडनावाच्या नादानं कित्येक लोक भलत्यालाच आजोबा करून बसलेत. त्या काळी लिहिलेली नोंद लागते, आणि ती दुसऱ्या नोंदीशी जुळावी लागते.

बाई गेल्यावर शांतवन मला म्हणाला, “बाई मापाची हाय. पर पट्टी कुठली वापरतीया ते बघाय पायजे.”

हे मला समजलं, सगळ्यांना समजणार नाही. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुद्दाम थोडी लांब आखलेली असते. नवखा माणूस तीच पट्टी उचलून घरचं दार मोजतो आणि फसतो. पट्टी खोटी नसते. ती दुसऱ्या कामाची असते.

चर्चच्या पाळकांनी बाप्तिस्म्याची जुनी वही दाखवली. १९०० साल. बया, वय अंदाजे पाच, आडनाव गिलेस्पी, आईबाप माहीत नाहीत. मोनाचा जीव हलका झाला. शांतवनचा जास्तच जड झाला. साहेबाचं पोर असतं तर त्यांनी दुसरं काय लिहिलं असतं, असं तो म्हणाला. जीनबाईनंही मान हलवली. कोरी जागा काहीच सिद्ध करत नाही.

दुसरा कुणी असता तर वही मिटली असती. शांतवन पुढची पानं उलटत राहिला, एकेका ओळीवर बोट फिरवत. चहा आला, गार झाला. १९१५ च्या पानावर त्याचं बोट थांबलं. बाळा, वय अंदाजे चार. आडनाव गिलेस्पी.

जॉनसाहेब तर तेव्हा कधीच समुद्रात गेला होता.

पाळक म्हणाले, ही बाळाबाई आहे की अजून. लग्न होऊन कुरुंदवाडला गेली. कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत.

आम्ही चौघं एसटीनं गेलो. जीनबाई खिडकीशी गुडघे दुमडून बसली होती.

बाळाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. नव्वदीला टेकलेली, अंगानं काडी. तिनं आधी बाईला न्याहाळलं, मग शांतवनला.

“या पावणं. ही गोरी कोण?”

शांतवननं सांगितलं आणि सरळ विचारलं, गिलेस्पीसाहेब तिचा कोण लागतो.

“सायेब?” म्हातारी म्हणाली. “कुठला सायेब? गिलेस्पी बाई हुती. तीबी कदी आली न्हाय. तिचा पैका यायचा.”

मग तिनं शेंगा फोडत फोडतच सगळं सांगितलं. अनाथगृहात मुलींच्या खाटा ओळीनं होत्या. एकेका खाटेचा खर्च विलायतेतली एकेक बाई उचलायची, आणि त्या बाईचं नाव खाटेला असायचं. ज्या पोरीला जी खाट मिळे तिला तेच आडनाव लागायचं. पोरगी लग्न होऊन गेली, नाहीतर मेली, की खाट दुसरीला. नावही दुसरीला.

“बया उजवली आन् तिची खाट मला दिली. गोधडीबी तिचीच. म्हणून मी गिलेस्पी. लगीन झाल्यावर नवऱ्याचं नाव लागलं, सुटले.”

जीनबाईनं लिहायला काढलेलं पेन हातातच धरून ठेवलं होतं.

शांतवनचा विश्वास बसला नाही. त्यानं विचारलं, नाव खाटेला होतं म्हणजे कुठं होतं. खाट कुठल्या भिंतीला होती. शेजारच्या खाटेचं नाव काय होतं.

“पोलीस हाईस काय रं, लेका?” म्हातारी म्हणाली. “डोस्क्याकडं पत्र्याची पट्टी हुती. विंग्रजी. मला वाचाय कुठलं येतंय, पर रातीला बोटानं गिरवत झोपायची. खिडकीच्या अंगाला हुती खाट. शेजारची मेली, तिच्या नावाचं काय इचारतोस.”

शांतवन म्हणाला, “आजी म्हणायची, नाव मिळालं.”

“मग काय म्हणावं? खाटंचं हाय म्हणावं व्हय? आमी समद्याच असं म्हणायचो. मिळालं.” तिनं सोललेल्या शेंगांची ओंजळ त्याच्यापुढं केली. “खा. बया भुकेली आलीती तिथं. मोठ्या दुष्काळात गाडीत घालून आणलीती, तीच सांगायची. गाडीतली बाकीची पोरं वाटंतच गेली म्हणं.”

शांतवननं शेंगा घेतल्या, पण खाल्ल्या नाहीत.

परतताना मोना रडत होती आणि हसतही होती. मी म्हणालो, झालं की, सुटला प्रश्न. शांतवन म्हणाला, “म्हातारीनं सांगितलं, हे एक टोक झालं.” मोनानं ते बाईला सांगितलं, तर बाई लगेच म्हणाली की मीही तेच म्हणणार होते. दुसरं टोक माझ्याकडं आहे, मी शोधते.

बाई गेली. महिने गेले. गल्लीत कुणी म्हणालं, जॉनसाहेबाचं पितळ उघडं पडेल म्हणून बाई गप्प बसली. शांतवन पोस्टमन दिसला की दारात यायचा. त्यालाही संशय आला होता, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं.

पावसाळा सरल्यावर पाकीट आलं. आत एका महिलामंडळाच्या १९०१ च्या छापील अहवालाच्या पानाची झेरॉक्स. तिकडच्या एका ग्रंथालयात तो अहवाल होता. खाटांची नावं, पुढं पैसे देणाऱ्या बायका, पुढं पोरींची नावं. गिलेस्पी खाट, एका कापड दुकानदाराची विधवा, कोल्हापूर, बया. सोबत जीनबाईची चिठ्ठी. ती विधवा तिच्या नात्यातली नव्हती. त्या विधवेच्या गावात गिलेस्पी आडनाव तुमच्याकडच्या पाटलांसारखं घरोघरी, असं तिनं लिहिलं होतं; पाटलांचं ती मोनाकडून शिकली होती. जॉनच्या नावाखालची जागा तिनं कोरीच ठेवली होती.

शांतवननं ते पान चर्चच्या वहीशेजारी ठेवून साल, नाव, आडनाव पाहिलं. आधी वहीवरून पानावर, मग पानावरून वहीवर. जुळलं.

चहाच्या गाडीवर त्याला कुणीतरी म्हणालं, “म्हंजे आता तू सायबाचा न्हाईस.”

“कवाच नव्हतो. तुमीच एका टोकानं मापत हुता.”

दिवाळीनंतर तो कापडात गुंडाळून एक पॅटर्न घेऊन माझ्याकडं बावड्याला आला. हातभर लांबीची फळी, त्यावर उठावाची अक्षरं: बयाबाई गिलेस्पी. मी म्हणालो, आडनाव कशाला, ते तर खाटेचं. तो म्हणाला, “त्या खाटंवर ती जगली. आईबापाचं नाव कुणालाच ठावं न्हाय. मग जे मिळालं ते का काढू?”

जुन्या मालकाला सांगून आम्ही कारखान्यात गेलो. साचा मीच बांधला. वाळू दोनदा चाळली, अक्षरांच्या कोपऱ्यात बोटानं दाबली, कारण ‘स्प’ची कड मोडायला वेळ लागत नाही. रस ओतला. पाटी गार व्हायच्या आत शांतवननं मला साचा फोडू दिला नाही.

पाटी बाहेर निघाली. मी अक्षरं ब्रशनं साफ केली. त्यानं खिशातून साधी पट्टी काढली, लांब आखलेली नव्हे, आणि पाटी डाव्या टोकाकडून मापली. मग फिरून उजवीकडं आला आणि परत मापली.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “चल, बसवू.”