दोन बटणांचं काम

कडुबाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पहिल्या पाळीची वेळ अंगातून गेली नव्हती. एकतीस वर्षं त्याने पत्रा कापणारी प्रेस चालवली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली येते. माल लवकर निघावा म्हणून काहीजण एक बटण चिंधीने बांधून एका हाताने काम रेटायचे. कडुबाने ते कधी केलं नाही. त्याची दहाही बोटं शाबूत होती, आणि तो ती लोकांना दाखवायचा.

घरातही तो तसाच काटेकोर. पण वर्षभरापासून घरातलं काहीच त्याच्या मापात बसत नव्हतं. बायकोच्या, आशाबाईच्या भाकरीला भेगा पडू लागल्या. तीन-तीन दिवस अंगावर एकच साडी. बीपीच्या गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी. मोरीतून उठताना ती भिंत धरायची, त्यामुळे तिथं तेलकट पट्टा उमटला होता. कडुबाने तो दोनदा घासून काढला. तो कशामुळे पडतो, ते मनाला विचारलं नाही.

"हात चालव जरा," तो म्हणायचा. "बसून राहिलं की माणूस गंजतं."

ती पदराला हात पुसत तिथंच बसून राहायची. त्याचाही त्याला राग यायचा.

पुण्याहून लेक मंजुषा फोनवर एकच धोशा लावायची, की आईला सांभाळायला दिवसभराची बाई ठेवा. कडुबा तिला झिडकारायचा. मी काय मेलो का? करमाडच्या भावकीत कळलं, तर म्हणतील कडुबाला बायकोचं करणं होईना. मग भाकरी तोच थापू लागला, आंघोळही तोच घालू लागला. दुपारपर्यंत कंबर धरायची आणि सगळा राग भांड्यांवर निघायचा.

त्यांच्या पुंडलिकनगरात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही सांगून येत नाही. त्या मंगळवारी सकाळी त्याने आशाबाईला मोरीत स्टुलावर बसवून पहिला तांब्या ओतला, तोच गल्लीतून "नळ आला" अशी हाक आली. आधी पाइप जोडला नाही तर टाकी कोरडी. हलू नको म्हणून तो पळाला. पाइप जोडतो न जोडतो तोच मोरीतल्या ड्रमचं झाकण पडलं, आणि पाठोपाठ आशाबाई.

तीस वर्षं पाणी तिनेच भरलं होतं. तो पाळीवर असायचा. हाक ऐकली आणि तिचे पाय आपसूक उठले.

ती ओल्या फरशीवर पडली होती, कपाळाला खोक. कडुबा धावत आला तो हातात पाइप घेऊनच. दुसऱ्या हाताने तिला उचलू लागला. पाणी भिंतीवर उडत होतं. तिने पाइपाकडे बघितलं.

"कंपनीत दोन बटणं," ती म्हणाली, "अन् घरी एक बांधून ठिवलं व्हय?"

त्याने पाइप टाकला. पण दोन्ही हातांनीही ती उठेना. अंगावर चादर टाकून शेजारणीला हाक मारावी लागली. त्या दिवशी टाकी भरली नाही.

कपाळाला टाके घालून घरी आल्यावर त्याने आपणहून मंजुषाला फोन लावला आणि बाई कधीपासून येईल, एवढंच विचारलं. मी सांगत होते ना, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आता कामाला ठेवलेली विशाखा सकाळी आठला येते, संध्याकाळी सहाला जाते. पहिले चार दिवस कडुबा तिच्या मागं उभा राहून काम तपासायचा. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "काका, तुमी तिकडं बसा. तुमच्यामुळं मावशीला बी दडपण येतं." तो बसला. तिच्या भाकऱ्या जाड असतात, हे मात्र तो अजून रोज म्हणतो.

वर एक खोली बांधायची म्हणून आणलेल्या विटा गच्चीवर तशाच पडून आहेत. नोकरीत जादा पाळ्या करून खोलीसाठी जमवलेला पैसा विशाखाच्या पगाराला जातो. त्यातूनच एक स्टीलची दांडी आली. ती त्याने स्वतः मोरीच्या भिंतीला बसवली, त्या तेलकट पट्ट्याच्याच उंचीला.