‘आम्ही’ची ओळ

एव्हेलिओ कार्बाहोने चौतीस वर्षं रेल्वेचं फाटक उघडलं आणि लावलं, आणि तेवढीच वर्षं बायकोवर, कासिल्दावर, नजर ठेवली. पहिल्या कामाचं पेन्शन मिळालं. दुसऱ्यातून तो निवृत्त झालाच नाही.

गावात ब्रेडची गाडी यायची. गाडीवाल्याने आपल्या दाराशी दोनदा भोंगा वाजवला, शेजारी एकदाच, हे एव्हेलिओच्या लक्षात राहायचं. पाद्र्याने चर्चमधली कापडं कासिल्दाकडे इस्त्रीला दिली, तर ती त्यांवर इतका वेळ इस्त्री का फिरवते म्हणून याच्या पोटात दुखायचं. बरं, भांडेल तर शपथ. भांडणाऱ्या नवऱ्याचं एक बरं असतं, काय खुपतंय ते बाईला कळतं तरी. हा गप्प बसायचा. कधी एक दिवस, कधी आठवडा. सूप प्यायचं, खुर्ची मागे सारायची, खिडकीशी जाऊन उभं राहायचं. कासिल्दाने पहिली काही वर्षं विचारलं, “काय झालं रे?” तो म्हणायचा, “काही नाही.” पुढे तिनेही विचारणं सोडलं.

एका बाबतीत मात्र घरात त्याचा शब्द शेवटचा होता. त्याला वाचता येत होतं, तिला नव्हतं. सातव्या वर्षी बापाने कासिल्दाला मेंढ्यांमागे धाडलं. शाळा तिने बाहेरूनच पाहिली. त्यामुळे औषधाची चिठ्ठी असो, विजेचं बिल असो की बिल्बाओहून लेकीचं पत्र, चष्मा एव्हेलिओच्या नाकावर चढायचा. लेकीच्या पत्रातल्या नको त्या ओळी तो गाळायचा. “आई, बाबांना कसं सोसतेस गं?” ही ओळ त्याने नाताळच्या पत्रात गाळली, ईस्टरच्या पत्रातही गाळली.

मग चौऱ्याण्णव साली, बासष्टाव्या वर्षी, कासिल्दाने गावात नव्याने निघालेल्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. मंगळवार आणि गुरुवार, दुपारची झोप झाली की पाच वाजता, आयुंतामियेंतोच्या म्हणजे गावकचेरीच्या वरच्या खोलीत. शिकवायला नुरियाबाई, जेमतेम पंचविशीची पोर.

“आता या वयात?” एव्हेलिओ म्हणाला.

“या वयातच. आणखी दहा वर्षांनी चष्मा लावूनही दिसायचं नाही.”

तो यावरही गप्प बसला असता. पण चौथ्या दिवशी त्याला कळलं की तिच्याच बाकावर साटूरिओ बसतो.

साटूरिओ गावचा न्हावी. दुकान बंद केलेलं, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, जीभ मात्र वस्तऱ्याइतकीच चालती. एकावन्न साली, सान रोकेच्या जत्रेत, गावच्या चौकात याच साटूरिओने एकोणीस वर्षांच्या कासिल्दाला नाचायला नेलं होतं. एक गाणं. एव्हेलिओ समोरच खांबाला टेकून उभा होता, हातात पेला. दोन वर्षांनी त्याने तिच्या बापाकडे जाऊन सरळ मागणी घातली आणि लग्न झालं. पण ते एक गाणं त्याच्या डोळ्यांत सललं ते सललंच. केस कापायला तो शेजारच्या गावी जायचा, सहा किलोमीटर सायकल मारत. गाव म्हणायचं, “एव्हेलिओला आमचा न्हावी परवडत नाही.”

एका मंगळवारी कासिल्दा कोंबड्यांना दाणे टाकायला परसात गेली, आणि वही टेबलावर राहिली.

त्याने चष्मा चढवला. नुरियाबाईंची पद्धत साधी होती. क्रियापद घ्यायचं, त्याचं शेपूट छाटायचं, आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहा नवी शेपटं क्रमाने लावायची. शेपटं पाठ झाली की प्रत्येकासाठी घरातलं एक वाक्य लिहायचं. कासिल्दाचं अक्षर मोठं, रेघ सोडून वर-खाली जाणारं. ‘मी’समोर लिहिलं होतं, “मी कपडे धुते.” ‘तू’समोर, “तू बघतोस.” एव्हेलिओने भुवई उंचावली. ‘तो’समोर, “एव्हेलिओ घोरतो.” हे त्याला जवळजवळ आवडलं. निदान नाव तरी होतं.

मग ‘आम्ही’ची ओळ आली. “साटूरिओ आणि मी चौकात बायलामोस.”

आम्ही नाचतो. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग कसला, शेपटं कसली! चौकात! दिवसाढवळ्या! पाच वाजता ती वही बगलेत मारून जाते, सातला येते. पोर बाई पंचविशीची, तिला काय जातंय खिडकी उघडून रेडिओ लावायला? त्याने वही जिथे होती तिथे, होती तशी तिरकी ठेवली. जेवताना तो सूपकडे बघत बसला.

“खारट झालंय?” कासिल्दाने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“काही नाही.”

दोन दिवस घरात फक्त घड्याळ बोललं. गुरुवारी ती निघाली आणि पाच मिनिटांनी हाही निघाला, घोटून दाढी करून, रविवारचा कोट घालून. अपमान व्हायचाच असेल तर निदान नीट कपड्यांत व्हावा, असा त्याचा हिशेब असावा.

वरच्या खोलीत सातजण होते. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं, खिडक्या बंद, रेडिओ नव्हता. कासिल्दा आणि साटूरिओ एका बाकावर, मध्ये तिची पर्स. पर्स मध्ये आहे हे त्याने आधी पाहिलं.

“या ना, एव्हेलिओकाका,” नुरियाबाई म्हणाली. “बसा.”

“बसायला आलो नाही. नाच किती वाजता सुरू होतो ते विचारायला आलो.”

“कसला नाच?”

“वहीत लिहिलाय की! साटूरिओ आणि ही. चौकात. बायलामोस!”

कासिल्दाने डोळे मिटले. बाईंनी वही मागून घेतली, वाचली, आणि त्यांना हसू आवरेना. “काका, हा आजचा नाच कशावरून? बायलामोस म्हणजे आम्ही नाचतो, आणि बायलामोस म्हणजेच आम्ही नाचलो. ‘मी’चं रूप बदलतं, ‘तू’चं बदलतं, या ‘आम्ही’चं मात्र दोन्ही काळांत एकच. पुढे-मागे ‘काल’ किंवा ‘आज’ असल्याशिवाय ओळखायचं कसं? कासिल्दाबाई ‘काल’ लिहायला विसरल्या.”

“कालचं नव्हे,” कासिल्दा म्हणाली. “एकावन्न सालचं आहे.”

“अरे बाबा, माझे गुडघे बघ,” साटूरिओने दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. “आता मी नाचलो तर वर्तमानकाळ नाही, अंतकाळ होईल!”

वर्ग खो खो हसला. दुसरा कोणी असता तर तोही हसला असता, आणि चौकातल्या बारमध्ये साटूरिओला एक पेला पाजून मोकळा झाला असता. एव्हेलिओचं तसं नव्हतं. आजच्या नाचाचा संशय गेला, पण त्याच्या जागी जे आलं ते वाईट होतं. त्रेचाळीस वर्षं झाली त्या गाण्याला. आणि हिला बाईंनी ‘आम्ही’ म्हटल्यावर तेच आठवलं.

“आणि मी?” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “‘आम्ही’च्या ओळीत आपण दोघं का नाही?”

कासिल्दा चिडली नाही, हे सगळ्यांत अवघड होतं. “शोधलं रे मी. खरंच शोधलं. मी धुते ते मी एकटी. तू बघतोस ते तू एकटा. दोघांनी मिळून केलेलं काही सापडेचना, आणि तास संपत आला होता.”

नुरियाबाई तरुण होती. म्हाताऱ्या माणसांचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून मास्तर लोक करतात तेच तिने केलं. खडू पुढे केला.

“तुम्हीच लिहा, काका. ‘आम्ही’चं वाक्य. क्रियापद मात्र नियमित हवं.”

एव्हेलिओ फळ्यापुढे उभा राहिला. एकेचाळीस वर्षांचा संसार त्याने मनात उलटापालटा केला. प्रवास केला, लिहावं? फाटक सोडून तो कुठे गेला नव्हता; लेकीकडे ती एकटीच जाऊन यायची. गप्पा मारल्या? ते तर लिहिताना खडूसुद्धा मोडला असता. नाचलो? त्या जागेवर न्हावी बसला होता. मग त्याला एक गोष्ट सापडली. ती दोघांनी मिळून केली होती, रोज केली होती, आणि त्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

त्याने लिहिलं, “कासिल्दा आणि मी कायामोस.” आम्ही गप्प बसतो. किंवा, आम्ही गप्प बसलो.

“बरोबर आहे,” नुरियाबाई हळूच म्हणाली. “पण काका, काळ कोणता?”

कासिल्दाने तोवर पेन उघडलं होतं. मान खाली घालून, जीभ दातांत धरून, ती ते वाक्य वहीत उतरवून घेत होती. एव्हेलिओला इथून दिसलं की ती ते साटूरिओच्या ओळीखाली लिहितेय.

“त्याच्या खाली का?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“तो आधी आला म्हणून.” तिने शेवटचं अक्षर काढलं, पुढे बोटभर जागा सोडली आणि मान वर केली. “बाईंनी काळ विचारलाय तुला. सांग, काय लिहू?”

“काल,” तो म्हणाला. “काल लिही.”

“मग बोल काहीतरी.”

सातही जण ऐकत होते. एव्हेलिओने खडू या हातातून त्या हातात घेतला. कोटाच्या बाहीला पांढरं लागलं.

“त्या जत्रेत,” तो म्हणाला, “मलाही विचारायचं होतं तुला. नाचतेस का म्हणून. पाय हलेनात.”

कासिल्दाने पेन खाली ठेवलं. साटूरिओ दुसरीकडे बघू लागला.

“दोन गाणी मी तुझ्या खांबासमोर उभी होते, एव्हेलिओ,” ती म्हणाली. “तिसऱ्याला साटूरिओने विचारलं.”